एक्केचाळिसावा सापळा

विश्वजित बावळेकर तसा सरळ माणूस. सरूमाळावरच्या चाळीस सापळ्यांत रोज किती पाकोळ्या पडल्या ते मोजायचं आणि आकडे मोबाइलवर चढवायचे, हे त्याचं काम. आठ वर्षांत त्याने एकही आकडा खोटा चढवला नव्हता. खोटं बोलायची वेळ आली की त्याचे कान लाल व्हायचे, म्हणून त्याने तो नाद कधी केलाच नाही. आता असा माणूस एकदा बायकोवर संशय घ्यायला लागला, की तेही काम तो इमानेइतबारे करतो. पुढे जे झालं ते या इमानदारीमुळेच झालं, असं माझं मत आहे.

आधी सरूमाळाबद्दल सांगायला हवं. सिमेंटवर कडक बंधनं आली, तशा शहरांत लाकडी इमारती उभ्या राहू लागल्या. बारा-बारा मजली, चिकटवलेल्या फळ्यांच्या. त्यांना सरळसोट लाकूड लागतं, म्हणून महाबळेश्वरच्या अलीकडच्या उतारांवर सरूची लाखो झाडं लागली. झाडं कमरेएवढी झाली आणि त्यांच्यामागोमाग शेंडेअळी आली. तिची पाकोळी तांदळाच्या दाण्याएवढी, चंदेरी, बघायला गरीब. पण तिची अळी सरूच्या कोवळ्या शेंड्यात शिरते आणि आतून पोखरत जाते. शेंडा वाळला की झाड दोन्ही अंगांना फुटतं, वाकडं होतं, आणि वाकडं सरू इमारतीच्या उपयोगाचं राहत नाही. अळी शेंड्याच्या आत बसलेली असल्यामुळे फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. तेव्हा उपाय एकच, अळी जन्मायच्या आधीच नरांना पकडायचं.

त्यासाठी कामगंध सापळे. हा शब्द आपल्याकडे कपाशीवाल्याला आणि वांगीवाल्याला आजोबांपासून ठाऊक आहे आणि तो उच्चारताना कुणी लाजत नाही. मादी फांदीवर बसून एक गंध सोडते. नराच्या मिशांना त्याचा अगदी कणभर सुगावा लागला, तरी तो वाऱ्याच्या उलट दिशेने उडत तिच्यापर्यंत येतो. तोच गंध प्रयोगशाळेत बनवून रबरी गोळीत भरायचा आणि गोळी सापळ्यात टांगायची. जुना कामगंध तीन आठवड्यांत उडून जायचा. लाखो झाडांच्या डोंगरावर तीन-तीन आठवड्यांनी गोळ्या बदलत कोण फिरणार? म्हणून शास्त्रज्ञांनी त्या रेणूची शेपटी थोडी बदलली. नव्या रेणूला ऊन खात नाही आणि तो सहज उडतही नाही. गोळीत दोन दोन वर्षं टिकतो. फक्त एक गोष्ट झाली. तो तेलात विरघळतो, आणि माणसाच्या कातडीतही तेल असतंच.

विश्वजितची बायको शिवांजली या गोळ्या भरायची. प्रयोगशाळा माळाच्या पायथ्याशी, घरापासून नऊ किलोमीटर. हातमोजे घालूनसुद्धा तीन वर्षांत गंध तिच्या बोटांत मुरला. दिवेलागणीला ती अंगणात आली की चार-सहा पाकोळ्या हजर. वेणीवर बसायच्या, ओढणीवर बसायच्या. गावाने आधी तोंडाला पदर लावला, मग चेष्टा केली, मग सवय करून घेतली. पुढे पाकोळ्या विश्वजितवरही बसू लागल्या, तेव्हा त्याने प्रयोगशाळेच्या प्रमुख हर्डीकर मॅडमना विचारलं.

"घाबरू नका," मॅडम म्हणाल्या. "अपाय काही नाही. दीर्घ सहवासाने लागतो तो."

सहवास! हा शब्द विश्वजितला फार आवडला. दर संध्याकाळी तो शिवांजलीची आखडलेली बोटं खोबरेल लावून एकेक करून चोळून द्यायचा, आणि तेवढ्यात खिडकीतून आत आलेली पाकोळी दोघांच्या हातांवर फिरायची. पाच हजार वस्तीच्या गावात पाकोळ्या बसतात अशी माणसं दोनच, ती आणि तो. एवढं उघड लग्न गावात दुसऱ्या कुणाचंच नव्हतं, असं त्याला वाटायचं. खरं तर त्या मुक्या किड्यांचाही त्याला मधूनमधून हेवा वाटायचा. एवढे सगळे नर आणि सगळे आपल्या बायकोकडे! पण तो हेवा गोड होता.

ऑक्टोबरमध्ये तो गोड राहिला नाही.

प्रयोगशाळेची व्हॅन सार्थक मालुसरे चालवायचा. तिशीचा, बिनलग्नाचा, केस मागे वळवलेले, गळ्यात गाणं. सकाळी व्हॅन आली की विश्वजित शिवांजलीला बसवून द्यायचा, मग चालकाच्या खिडकीशी जाऊन सार्थकच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचा, "सांभाळून ने रे, वळणं वाईट आहेत." रोज तेच वाक्य. सार्थक रोज म्हणायचा, "काळजीच नको, दादा."

त्या संध्याकाळी व्हॅन परत आली. सार्थक खाली उतरला आणि चहाच्या टपरीशी येऊन उभा राहिला. त्याच्या जॅकेटच्या उजव्या खांद्यावर तीन पाकोळ्या बसल्या होत्या.

"हे काय रे?" विश्वजितने विचारलं.

"काय की, दादा. चार दिवस झालं, बसत्यातच. वहिनींच्या संगतीनं मलाबी बाधा झाली जणू!"

टपरी हसली. विश्वजितही हसला, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर.

घरी शिवांजलीने नेहमीप्रमाणे हात पुढे केले. विश्वजितने तेलाची वाटी उचलली आणि परत खाली ठेवली.

"आज राहू दे. पाठ भरून आलीय."

"मी चोळू का पाठ?"

"नको."

मग तो ओट्यावर बसून दिवसाचे आकडे चढवायला लागला. चाळिसाव्या सापळ्याचा आकडा झाला. त्याचं बोट थांबलं नाही. त्याने खाली लिहिलं, सापळा क्रमांक एक्केचाळीस, पाकोळ्या तीन. मोबाइलने निमूटपणे घेतलं. आकडा आला की पुरे, तो कुठल्या झाडाचा की कुणाच्या खांद्याचा, हे त्याला काय कळणार!

दुसऱ्या दिवशी एक्केचाळीसमध्ये पाच. मग चार. मग सात.

डोक्यात एकदा किडा शिरला की तोही शेंडेअळीसारखा आतूनच खातो, वरून झाड हिरवं दिसतं. विश्वजितला सगळ्याचा अर्थ लागू लागला. शिवांजलीने निळी ओढणी घेतली होती. निळीच का? सार्थकची व्हॅन निळी. ती स्वयंपाक करताना गुणगुणत होती ते गाणं तो व्हॅनमध्ये लावतो. एकदा ती अंघोळीला गेल्यावर विश्वजितने तिची ओढणी नाकाशी धरली आणि लांब श्वास घेतला. माणसाच्या नाकाला कामगंध कळत नाही. त्याला फक्त साबणाचा वास आला, आणि आपली लाज वाटली, आणि तिचा आणखी राग आला. सहवास, सहवास. मॅडमचा तो शब्द आता कानात घणासारखा बसत होता. दीर्घ सहवासाशिवाय लागत नाही म्हणे. मग याला कसा लागला?

त्याने सकाळी व्हॅनपर्यंत जाणं बंद केलं. सापळे लांब आहेत, लवकर निघावं लागतं, असं सांगितलं. सांगताना कान लाल झाले, पण शिवांजली डबा भरत होती, तिने पाहिले नाहीत. तेलाची वाटी फळीवर गेली ती गेलीच. ती काही बोलायला आली की तो बूट घालायला लागायचा.

"तुला एक सांगायचं होतं, विश्वा."

"बाविसाव्याची गोळी पडलीय. आल्यावर बोलू."

आल्यावरही तो बोलत नव्हता. एकदा त्याने कूस बदलताना तिला पाहिलं. ती स्वतःच्या बोटांकडे बघत बसली होती, मुठी मिटायचा प्रयत्न करत होती, आणि त्या पुऱ्या मिटत नव्हत्या. त्याला वाटलं, उठावं. पण उठला नाही. वाटलं, आता हिला माझी गरज कशाला?

आणि गंमत बघा. तीन आठवडे गेले आणि एक्केचाळिसाव्या सापळ्याचा आकडा उतरू लागला. चार, दोन, एक. एक दिवस शून्य. दुसऱ्या कुणी सुटकेचा श्वास सोडला असता. विश्वजितने कपाळाला आठी घातली. म्हणजे सावध झाले तर! आपलं लक्ष आहे हे दोघांना कळलं. ज्या अर्थी पुरावा नाहीसा झाला, त्या अर्थी गुन्हा पक्का. मत्सराचा हिशेब असाच असतो, कुठूनही सुरू केला तरी उत्तर ठरलेलं.

त्याला आता खात्री हवी होती. शिवांजली आपली आहे की नाही, एवढंच त्याला कळायला हवं होतं, आणि त्याशिवाय त्याला जेवण जात नव्हतं. खात्री देणारी एकच गोष्ट माळाच्या पायथ्याशी होती. तिला सगळे मिशी म्हणायचे.

मिशी हे यंत्र गळती शोधण्यासाठी होतं. नर पाकोळीची एक जिवंत मिशी काढून दोन बारीक तारांमध्ये धरायची. गंधाचा कण तिच्यावर आला की मिशीत विजेची अगदी सूक्ष्म थरथर होते, आणि ती यंत्राला कळते. मिशी तासभर जिवंत राहते. तेवढ्या वेळात यंत्र तिला एखाद्या कापडावरून, पेटीवरून सुईच्या टोकाएवढ्या अंतराने फिरवतं आणि गंध कुठे किती लागलाय त्याचा नकाशा छापून देतं. जिथे गंध जास्त, तिथे काळं. पाकोळ्या यायच्या बंद झाल्या, तरी महिना महिना जुना डाग मिशी दाखवते. कुठल्या कामगाराच्या बाहीला गंध लागला, कुठल्या पेटीचं झाकण झिरपतंय, हे सगळं तिच्यावर कळायचं.

नोव्हेंबरच्या एका सकाळी धुकं होतं. विश्वजित वाटेत व्हॅनजवळ थांबला. प्रयोगशाळेची माणसं सोडून सार्थक परत आला होता.

"दे की जरा तुझं जॅकेट. गारठलोय."

"घ्या की, दादा. विचारायचं काय त्यात?" सार्थकने जॅकेट काढून त्याच्या हातात दिलं. "राहू द्या दोन दिवस. मला काय, व्हॅनमधी हीटर हाय."

इतक्या सहज दिलं. मनात पाप नसणारा माणूस असंच देतो, हे विश्वजितला सुचलं नाही. त्याला वाटलं, काय धीट आहे बघा!

प्रयोगशाळेच्या खिडकीवर त्याने जॅकेट पिशवीत घालून दिलं. अर्जावर लिहायचं होतं, नमुना काय, आणि तपासणीचं कारण काय. त्याने लिहिलं, गळतीचा संशय. लिहिताना पहिल्या शब्दाला कान तापले. दुसरा शब्द खरा होता. नमुना क्रमांक एकशे अठरा, बाहेर बाकावर बसा, असं खिडकीतल्या माणसाने सांगितलं.

तो तासभर बसला. एकदा वाटलं, पिशवी परत मागावी आणि निघून जावं. पण इतक्या जवळ येऊन कळून न घेता जाणं त्याच्याच्याने होईना.

"एकशे अठरा, आत या."

आवाज ओळखीचा होता. विश्वजित उठून आत गेला. आत यंत्राशेजारी पांढरा डगला घालून शिवांजली उभी होती.

"बस," ती म्हणाली. लोकांत ती त्याला अहो म्हणायची, घरात विश्वा. आज नुसतंच बस.

"तू... इथं कशी?"

"सोमवारपासून. बोटं चालेनात, गोळ्या भरताना थेंब सांडायला लागले. मॅडमनी मिशीवर घातलं. तीन वेळा सांगायला आले तुला."

टेबलावर सार्थकचं जॅकेट उलगडून ठेवलेलं होतं. त्याच्या शेजारी यंत्राने छापलेला कागद, खऱ्या मापाचा. शिवांजलीने तो त्याच्याकडे फिरवला. उजव्या खांद्याच्या जागी काळा डाग होता.

"हे जॅकेट मी दीड वर्षं रोज बघते," ती म्हणाली. "पिशवी उघडली तेव्हाच ओळखलं. बाहेर डोकावले, तर बाकावर तू. मग पूर्ण तपासणी केली. चांगली, नियमाप्रमाणे. मी व्हॅनमध्ये कुठं बसते, विश्वा?"

"पुढं... डावीकडं."

"आणि चालकाच्या उजव्या खांद्याशी काय असतं?"

"खिडकी."

"खिडकीत सकाळी कोण उभं असायचं?"

शिवांजलीने आपला उजवा हात त्या काळ्या डागावर पालथा ठेवला. डाग तिच्या बोटांच्या चारी बाजूंनी बाहेर उरला, अंगठ्यापाशी तर दोन बोटं जास्त.

"हा माझा हात. आता तुझा ठेव."

"शिवा..."

"ठेव म्हणते ना."

त्याने ठेवला. डाग हाताखाली पुरता झाकला गेला, बोटाला बोट, अंगठ्याला अंगठा. त्याच्या मनगटापर्यंत घाम आला.

"जॅकेटच्या खांद्याला खोबरेलाचा वासपण आहे," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "हा गंध तेलात विरघळतो. तू रोज माझी बोटं चोळायचास, तेल माझ्या बोटांतला गंध ओढून घ्यायचं आणि तुझ्या तळव्यात मुरायचं. साचत साचत माझ्यापेक्षा तुझ्या तळव्यात जास्त झाला आता. आणि तोच हात तू रोज सकाळी त्याच्या खांद्यावर ठेवायचास. मला सांभाळून नेण्यासाठी."

बाहेर कुणीतरी पुढच्या नमुन्याचा नंबर विचारत होतं. शिवांजलीने दार लोटून घेतलं.

"परवा हर्डीकर मॅडम विचारत होत्या, बावळेकरांकडं चाळीस सापळे, मग एक्केचाळिसावा कुठून आला? मी म्हटलं, चुकून पडला असेल, आमचे हे खोटा आकडा चढवत नाहीत." तिने कागद बाजूला सरकवला. "सार्थक होता ना तो? मोजत होतास त्याला?"

"चुकलो," विश्वजित म्हणाला. "डोकं फिरलं होतं माझं. मॅडम म्हणाल्या होत्या, सहवासानं लागतो..."

"सहा आठवडे तू माझ्या हाताला हात लावला नाहीस. मला वाटलं, तुला किळस यायला लागली. ही वाकडी बोटं, अंगावर किडे. मी रोज ती साबणानं घासत होते." तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते पुसलं नाही, कारण हातात हातमोजे चढवत होती. "मला विचारलं असतंस, तर मी भांडले असते. दोन दिवस बोलले नसते तुझ्याशी. मग झालं असतं. तू यंत्राला विचारलंस."

विश्वजितला वाटलं, जमीन फाटावी. सहा आठवडे ज्या परपुरुषाच्या नावाने तो जळत होता, तो त्याचाच हात होता. इतका जीव ओवाळून टाकणारी बायको समोर उभी होती आणि तिच्याकडे आता मान वर करून बघता येत नव्हतं. तरीही त्याच्या तोंडून तोच प्रश्न बाहेर पडला, ज्यासाठी तो इथवर आला होता. मत्सरी माणसाला दुसरा प्रश्न येत नाही.

"तुझा जीव आहे ना गं माझ्यावर? अजून?"

शिवांजलीने जॅकेट घडी करून पिशवीत घातलं, पिशवीवर एकशे अठरा नंबर होता तो पाहून अर्जावर खूण केली. मग दिवसातून वीस माणसांना सांगते त्या आवाजात ती म्हणाली, "नमुना ठेवून जा. निकाल आला की कळवू."

या गोष्टीला आता चौदा महिने होत आले. विश्वजितने सार्थकला सगळं खरं सांगितलं. सार्थक आधी खो-खो हसला, मग त्याचा चेहरा उतरला, आणि दुसऱ्या दिवसापासून व्हॅनची काच वर करून तो बसू लागला. तळव्यातला गंध सापळ्यांनाही लागला असणार, म्हणून विश्वजितचे त्या वर्षीचे चाळीसही सापळ्यांचे आकडे बाद ठरले. त्याला सापळ्यांवरून काढून रोपवाटिकेत घातलं. तिथे तो हातमोजे घालून सरूची रोपं पिशव्यांत लावतो. शिवांजली घर सोडून गेली नाही. ती स्वयंपाक करते, त्याचा डबा भरते, पाहुणे आले की अहो म्हणते, एखाद्या विनोदाला हसतेसुद्धा. ती हसली की विश्वजित काम टाकून तिच्याकडे बघत राहतो.

निकाल अजून आलेला नाही.